मोरीचा विलाप

लिपाय गावात कुणी वारलं की आधी पाद्रीबाबांकडे निरोप जायचा आणि लगोलग फ्रोसिंगकडे, जिला सगळा गाव मनांग, म्हणजे ताई, म्हणायचा. घरचे फारच गडबडलेले असले तर आधी फ्रोसिंगकडे. ती डोक्यावरून काळी शाल घ्यायची, शवपेटीच्या उशाशी खुर्ची ओढायची, दोन घोट कॉफी प्यायची आणि हेल काढायची. गेलेल्या माणसाशी ती सरळ बोलायची. असा कसा रे उठून गेलास, तुझ्या लसणाच्या वाफ्यांना आता पाणी कोण देणार, तुझी म्हैस तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही हे तुला ठाऊक नव्हतं का, असं. ज्याने उभ्या जन्मात शेजाऱ्याला धड हाक मारली नव्हती, अशा माणसासाठीही तिचा हेल ऐकून शेजारी ओक्साबोक्शी रडायचे.

पासष्टी उलटली तरी आवाज खणखणीत होता. पण अलीकडे लोकांनी मयताच्या घरी भाड्याने कराओके आणायला सुरुवात केली होती. त्यामुळे महिना महिना तिला बोलावणं यायचं नाही. ती उसाच्या रसाच्या आंबट शिरक्याच्या बाटल्या भरायची, बाजारात विकायची आणि गळा गप्प ठेवायची.

अशात ऑक्टोबरात गावच्या कपितानपदाची, म्हणजे सरपंचकीची, निवडणूक लागली आणि तिचा चुलतभाऊ मोनिंग उभा राहिला.

मोनिंग म्हणजे हेर्मोहेनेस रागासा. अठ्ठावीस वर्षं पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. निवृत्त झाल्यापासून गेली चार वर्षं तो टेप घेऊन गाव मोजत होता. पाणी कुठे तुंबतं, का तुंबतं, किती फूट तुंबतं, सगळं त्याच्या वहीत होतं. त्या वहीतून त्याने तेवीस कलमांचं भाषण तयार केलं. त्यातलं एकेक कलम खरं होतं, गरजेचं होतं आणि होण्यासारखं होतं. अडचण एकच होती. ते मोनिंग स्वतः वाचायचा.

लांबच्या शेतात पाण्याचा पंप चालू असावा तसा त्याचा आवाज होता. एका पट्टीत, एका चालीत. ऐकणाऱ्याला त्रास काहीच व्हायचा नाही, उलट बरं वाटायचं, आणि मग डोळे मिटायचे. बास्केटबॉलच्या मैदानावर त्याची पहिली सभा झाली तेव्हा लोक कोंबडी घातलेली तांदळाची गरम पेज प्यायला आले होते. पाचव्या कलमाला पेज संपली. नवव्याला मागच्या रांगा रिकाम्या झाल्या. अकराव्या कलमाला पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोच्या, चारिंगच्या हातातला पंखा मांडीवर घसरला आणि तिची मान कलली. जागी एकटी फ्रोसिंग. शवपेटीशेजारी चाळीस वर्षं न पेंगता बसायची सवय तिथे उपयोगी पडली.

समोरचा उमेदवार होता सध्याचा कपितान, बेन्हुर दुमलाओ. त्याच्या भाषणात कलमं नव्हती. वाक्यंही जेमतेम तीन-चार होती. "लिपायच्या माझ्या माणसांनो," एवढं म्हणून तो थांबायचा, छातीवर हात ठेवायचा आणि आभाळाकडे बघायचा. त्या थांबण्यात बायका रुमाल शोधायला लागायच्या. मग तो एक विनोद करायचा, एक प्रेमगीत म्हणायचा आणि एखाद्या म्हातारीला हाताला धरून नाचवायचा. पुढे तो काय बोलला हे घरी गेल्यावर कुणालाच आठवायचं नाही. पण फार छान बोलला, यावर मात्र सगळ्यांचं एकमत असायचं.

निवडणुकीला पाच दिवस उरले आणि मोनिंगचा आवाज गेला. पावसात भिजत घरोघर जाऊन त्याने गटारांचे उतार समजावून सांगितले होते, त्याचा हा प्रताप. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने घशात बॅटरी मारून बघितलं आणि बजावलं, "आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी चारिंग नवऱ्याला घेऊन फ्रोसिंगच्या अंगणात आली. फ्रोसिंग बाटल्यांना बुचं लावत होती. मोनिंगच्या गळ्यात दोरीने वही अडकवलेली होती आणि कानावर पेन्सिल.

"मनांग, शनिवारी शेवटची सभा. दोघं उमेदवार एकाच मांडवात. आता तूच वाच बाई."

"मी? का, तुझं तोंड कुणी शिवलंय?"

"मला माईक लांबून दिसला तरी पायात गोळे येतात. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा माझ्या वतीने आईने हो म्हटलं होतं, विसरलीस?"

"पोरगा आहे ना तुमचा?"

"तो दुबईत. फोनवरून वाचतो म्हणाला होता, पण नेमकी त्याच वेळेला त्याची ड्यूटी."

फ्रोसिंगने हात पुसले. "अगं, पण माझा आवाज मयतापुढचा. चार माणसं समोर आली की तो आपोआप त्याच वाटेला लागतो. मला दुसरं काही येत नाही."

"जाऊ दे कुठल्या वाटेला जायचं ते. मागच्या रांगेपर्यंत गेला म्हणजे झालं."

फ्रोसिंग मोनिंगकडे वळली. "बरं, वाचते. पण तेवीस कलमं कोण ऐकणार? सातच वाचू."

मोनिंगने वहीवर लिहून दाखवलं, "एकही गाळायचं नाही."

"दहा."

त्याने पान उलटलं. "तेवीस." खाली दोन रेघा.

पुढचे दोन दिवस फ्रोसिंगने कोंबड्यांपुढे भाषण वाचलं. अगदी सरळ, शाळेत धडा वाचावा तसं. आवाज कुठेही वाकडा गेला नाही. तिला वाटलं, जमेल.

शनिवारी दुपारी मैदान गच्च भरलं. शाळेच्या मिस कालपितो माईक सांभाळत होत्या. मंचाच्या कडेला चर्चमधून आणलेल्या पांढऱ्या फुलांच्या कुंड्या, दोन उभे पंखे आणि मधोमध उमेदवारांच्या खुर्च्या. मोनिंग समारंभाचा पांढराशुभ्र बारोंग सदरा घालून बसला होता. गळ्याभोवती पांढरा टॉवेल, दोन्ही हात मांडीवर. नर्सने मानही फार हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं.

आधी बेन्हुर उठला. थांबला, छातीवर हात ठेवला, आभाळाकडे बघितलं. गाणं म्हटलं. तांदळाच्या दुकानवाल्या म्हातारीला नाचवलं. मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. तो घाम पुसत खाली बसला तोच लोक उठायला लागले, कारण आता कलमं येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

"कलम एक," फ्रोसिंगने सुरुवात केली. "गावातील गटारांची एकूण लांबी दोन हजार तीनशे मीटर."

आइस्क्रीमवाल्याने घंटा वाजवली. निम्मी पोरं तिकडे धावली. कलम दोन. कलम तीन. चौथ्या कलमाला तिला लोकांच्या पाठीच दिसायला लागल्या. तोंडं कुठे दिसेनात. मोनिंगने पेन्सिलीने वहीवर टकटक केलं, जरा मोठ्याने. ती मोठ्याने वाचायला लागली. पाठी आणखी लांब गेल्या.

"कलम सात. दफनभूमीकडे जाणारा रस्ता. त्याखालच्या मोरीचा व्यास साठ सेंटिमीटर. आवश्यक व्यास नव्वद. सप्टेंबरमध्ये रस्त्यावर पाणी अडीच फूट."

हे कलम तिने कोंबड्यांपुढे वीसदा तरी वाचलं होतं. तेव्हा काहीच झालं नव्हतं. पण आज "अडीच फूट" म्हटलं आणि तिला ते पाणी दिसलं. चार वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात त्याच रस्त्याने तिच्या नवऱ्याला, आन्सेल्मोला नेलं होतं. सहा जणांच्या खांद्यावर पेटी. मोरीपाशी मोनिंगचा पाय गटारात घसरला, पेटी कलली आणि तिचा एक कोपरा पाण्यात बुडाला. फ्रोसिंग मागून चालली होती. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात वर धरलेला झगा, डोळे पायाखाली. तीन गावांतल्या मयतांना तिने रडून पोचवलं होतं, आणि स्वतःच्या माणसाच्या वेळी पाण्यात पडू नये म्हणून तिला रडायलाच मिळालं नव्हतं.

"साठ," ती पुन्हा म्हणाली. कागदावर ते एकदाच होतं.

मग तिचा आवाज तिला न विचारता त्याच्या वाटेला लागला.

"साठ गं बाई, साठ सेंटिमीटरऽऽ! नव्वद लागते तिथे साठच घातली, कुणी घातली, कुणी मोजली गं माझ्या मोरीऽऽ! अडीच फूट पाण्यातून नेलं रे तुला, आन्सेल्मोऽऽ! जन्मभर तुझी खाट मी कोरडी ठेवली, आणि शेवटची पेटी तुझी ओली झाली रेऽऽ!"

पाठी जागच्या जागी थांबल्या. मग एकेक करून वळल्या. पुरुषांचे हात सवयीने टोप्यांकडे गेले आणि टोप्या उतरल्या. आइस्क्रीमवाल्याने घंटेचा लोलक मुठीत धरला.

फ्रोसिंगला थांबायचं होतं. निदान तिला तसं वाटत होतं. पण हेल एकदा लागला की मध्येच सोडता येत नाही, आणि हातातल्या कागदावर अजून सोळा कलमं होती.

"कलम आठऽऽ! गटाराची झाकणं मंजूर झाली चाळीस, घरी आली अकराऽऽ! एकोणतीस माझी लेकरं कुठे राहिली गं, कुणाच्या अंगणात निजली गंऽऽ!"

पाच-सहा जणांनी बेन्हुरच्या मेहुण्याच्या घराकडे माना वळवल्या. त्या अंगणातली फरशी नवी होती. मेहुणा रुमालात तोंड घालून रडत होता. त्यामुळे त्याला ते दिसलं नाही.

दहाव्या कलमाला रांगाच्या रांगा हुंदके देत होत्या. शाळेमागच्या चराचा उतार हजारात दोन, हवा हजारात पाच, हे ऐकून एका म्हातारीला भोवळ आली. पण हेलाला समोर कुणीतरी लागतं. चाळीस वर्षं फ्रोसिंगपुढे एक पेटी असायची आणि पेटीत एक माणूस. इथे पेटी नव्हती. तिने नकळत बाजूला बघितलं, तर पांढऱ्या कपड्यात, पांढऱ्या फुलांमध्ये, हात मांडीवर ठेवून, मान न हलवता मोनिंग बसलेला.

"अरे माझ्या भावाऽऽ!" ती त्याच्याकडे वळली. "अठ्ठावीस वर्षं पाणी मोजलंस, कुणी तुला विचारलं नाही रेऽऽ! उन्हात टेप धरलीस, पावसात खुंट्या ठोकल्यास, आता कुणासाठी मोजशील रेऽऽ! कलम अकराऽऽ!"

मोनिंगने घाईघाईने लिहून वही वर धरली, "गाऊ नकोस. वाच."

तिचे डोळे भरलेले होते. तिला अक्षर दिसत नव्हतं.

त्याने पान उलटून मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मी जिवंत आहे." आणि वही लोकांकडे फिरवली. पहिल्या रांगेतल्या बाईने ती वाचली आणि शेजारणीच्या खांद्यावर कोसळली. "बिचारा! किती धीर धरलाय बघ!"

तेविसाव्या कलमापर्यंत बेन्हुर स्वतःच्या प्रचाराच्या टी-शर्टला नाक पुसत होता. तो उठला आणि त्याने मोनिंगला घट्ट मिठी मारली. "मानोंग, दादा, काही लागलं तर हाक मारा," तो म्हणाला. त्याच्यामागे रांग लागली. प्रत्येक जण मोनिंगच्या खांद्याला हात लावायचा आणि मग चारिंगचा हात हातात घ्यायचा. चारिंग सुरुवातीला गोंधळली. पण इतकी माणसं इतक्या मनापासून हात दाबत होती की ती प्रत्येकाला "आलात, बरं वाटलं" म्हणत गेली, आणि शेवटी तिलाही रडू फुटलं.

रविवारी सकाळी पाद्रीबाबांनी आजाऱ्यांच्या प्रार्थनेत मोनिंगचं नाव घेतलं. दुपारपर्यंत त्याच्या ओट्यावर केळ्यांचे घड, पान्सितच्या शेवयांची पातेली आणि कॉफीचे डबे जमले. चार म्हातारे पत्त्यांचा जोड घेऊन आले आणि मयताच्या घरी रात्र जागवायला बसतात तसे अंगणात बसले. मोनिंग ज्याला त्याला वही दाखवत होता, "फक्त घसा बसलाय." लोक वाचायचे आणि डोळे टिपायचे. घशाचंच असतं ते, माझ्या मामालाही आधी फक्त घसाच बसला होता, असं एकजण दुसऱ्याला हळू आवाजात सांगायचा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. नळावर कपडे धुता धुता बायका "साठ सेंटिमीटरऽऽ" असं गुणगुणत होत्या. पोरं लपंडावात आकडे म्हणायच्या जागी "चाळीस मंजूर, अकरा आली" म्हणत होती. जो मोनिंग चार वर्षं नकाशे घेऊन हिंडला आणि ज्याला कुणी पाचव्या मिनिटापुढे ऐकलं नाही, त्याची तेवीसच्या तेवीस कलमं गावाला एका दुपारीत पाठ झाली होती.

सोमवारी मतदान झालं. संध्याकाळी शाळेच्या वर्गात मिस कालपितो एकेक चिठ्ठी वाचत होत्या आणि फळ्यावर काड्या मारत होत्या. बेन्हुर दुमलाओ, तीनशे नव्वद. हेर्मोहेनेस रागासा, दोनशे एक्कावन्न. तीन चिठ्ठ्यांवर युफ्रोसिना ताबुकोल, म्हणजे फ्रोसिंगचं, नाव होतं. ती उभीच नसल्यामुळे त्या बाद झाल्या.

मोनिंगने शेजारच्या ताता इमोपुढे वही धरली, "तुम्ही तर शपथ घेऊन मत देतो म्हणाला होतात. मग का नाही दिलंत?"

ताता इमोने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "अरे, तुझ्यासारख्या सज्जन माणसाला या अवस्थेत कामाला जुंपायचं? मला रात्री झोप लागली असती का? तू आता आराम कर, पोरा. गटारं बेन्हुर बघेल."

मोनिंगने फ्रोसिंगशी बोलणं सोडलं. तो आठवडाभर कुणाशीच बोलत नव्हता. त्यामुळे तो आपल्याशी बोलत नाही हे कळायला तिला जरा वेळ लागला. मग तिने मध घातलेल्या शिरक्याची बाटली पाठवली, घशासाठी म्हणून. ती तशीच परत आली. गळ्यात चिठ्ठी अडकवलेली होती, "आभार. मेलेली माणसं शिरका पीत नाहीत."

फ्रोसिंगला वाईट वाटलं. तिने भावासाठी जीव ओतला होता, आणि त्याच्या मतांवर तिनेच माती लोटली होती. तिने काळी शाल घडी करून पेटाऱ्याच्या तळाशी ठेवली.

डिसेंबरात बेन्हुरचा शपथविधी त्याच मैदानावर झाला. फ्रोसिंग शेवटच्या रांगेत बसली होती, चार खुर्च्या सोडून मोनिंग. बेन्हुर माईकपाशी आला.

"लिपायच्या माझ्या माणसांनो," तो म्हणाला. थांबला. छातीवर हात ठेवला. आभाळाकडे बघितलं.

त्या शांततेत कुठूनशी एक म्हातारी हळूच म्हणाली, "साठऽऽ."

"नव्वद!" अख्ख्या मैदानाने साथ दिली.

बेन्हुरचा हात छातीवरच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला पुढचं आठवेना. त्याने हसून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला, आणि त्या थांबण्यात आता दुसऱ्या कोपऱ्यातून आलं, "चाळीस मंजूरऽऽ!"

"अकरा आली!"

"होईल, होईल," बेन्हुर घाईने म्हणाला. "नव्वदची मोरी होईल."

"कधी?" ताता इमोने उभं राहून विचारलं.

"उन्हाळ्याच्या आत."

त्या दिवशी तो गाणं न म्हणताच खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोनिंगच्या घरी नकाशा मागायला आला. नकाशा मोनिंगकडे तीन प्रतींत तयार होता. मार्चमध्ये मोरी झाली, मोजून नव्वद. मोनिंग रोज टेप घेऊन तिथे उभा असायचा. झाकणांचं काम काढायची वेळच आली नाही. एके दिवशी लोक सकाळच्या प्रार्थनेला निघाले तर एकोणतीस झाकणं आपापल्या जागी बसलेली होती, आणि बेन्हुरच्या मेहुण्याच्या अंगणात नुसती माती.

मोरी पुरी झाली त्या रविवारी मोनिंग आणि चारिंग फ्रोसिंगकडे आले. चारिंग थेट आत गेली आणि एम्पानादाच्या करंज्या तळायला लागली. मोनिंग अंगणातल्या बाकावर बसला. त्याचा आवाज परत आला होता, तोच, लांबच्या पंपाचा.

"मनांग, चार वर्षं मी हेच सांगत होतो. अक्षर न् अक्षर हेच."

"ठाऊक आहे."

"मग माझं का नाही ऐकलं कुणी?"

"तू साठ असं म्हणतोस जसं बाजारात केळी मोजतोयस."

"साठ म्हणजे साठ. त्यात आणखी काय असतं?"

"म्हण बरं."

"साठ."

"केळी."

"साठ."

"पिकलेली केळी."

मोनिंग चिडला. चार-पाचदा जोर लावून म्हणून बघितलं. फ्रोसिंग मान हलवत राहिली. मग तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला.

"त्या दिवशी पाय माझा घसरला होता," तो म्हणाला.

"मी मागेच होते, मोनिंग."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? अडीच फूट पाणी होतं. कुणाचाही घसरला असता."

"दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तिथे गेलो. वाटलं, बघू तरी मोरी केवढी आहे." तो थांबला. मुद्दाम नव्हे, घसा अडकला म्हणून. मग हळूच म्हणाला, "साठ."

स्वयंपाकघरात झारा खाली पडल्याचा आवाज आला. चारिंग पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "काय झालं? कोण गेलं?"

फ्रोसिंगने झग्याच्या टोकाने डोळे पुसले आणि हसायला लागली. मोनिंग एकदा बायकोकडे बघत होता, एकदा बहिणीकडे. काहीतरी जमलं एवढं त्याला कळलं होतं. त्याने ताबडतोब खिशातून वही काढली आणि पान उलटलं.

"बरं, आता कलम आठ."

"आज एवढं पुरे," फ्रोसिंग म्हणाली. "आधी ते तेल बघ गं चारिंग, जळतंय."